दोन मिक्सपैकी बरं कुठलं हे ठरवण्याआधी आवाज सारखा कसा करायचा?

षड्जपंचम

नमस्कार मंडळी. सांगलीत घरच्या घरी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते. सध्या हातात एका भजनी मंडळाचा अभंग आहे. बुवांचा आवाज, मागे झील धरणारे चौघे, पखवाज, टाळ, पेटी आणि खाली अगदी बारीक पॅड. सुरुवातीला नुसता आलाप, मग अभंग, शेवटी गजर.

तीन मिक्स करून बुवांना पाठवले. त्यांचं उत्तर लगेच आलं, "तिसरं भरीव झालंय, तेच ठेव." मलाही तिसरंच आवडलं होतं. मग मीटर लावून पाहिला. पहिलं -१८.६ लफ्स (LUFS, कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं), दुसरं -१८.२, तिसरं -१५.९. पहिल्या दोघांच्या मास्टरवर (शेवटच्या एकत्रित आउटपुटवर) काही नाही, तिसऱ्यावर लिमिटर, म्हणजे टोकं दाबून आवाज वाढवणारं प्लगइन, आहे.

तिसऱ्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) २.३ डीबी खाली ओढून दुसऱ्याशी पुन्हा ताडून पाहिलं. भरीवपणा गेला, पखवाजाची थाप चेपल्यासारखी वाटायला लागली आणि टाळ बुवांच्या अंगावर येतायत असं झालं. दुसरं एकदम मोकळं वाटलं.

तर प्रश्न असे: आवाज जुळवायचा तो पीक (सगळ्यात उंच टोक) बघून, आरएमएस (सरासरी पातळी) बघून, लफ्स बघून की सरळ कानाने? अख्ख्या गाण्याचा आकडा धरायचा की एखाद्या तुकड्याचा? आणि बुवा ऐकतात मोबाइलवर, त्यांना कसं ऐकवायचं?

फेडरवाला

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. आमच्याकडे निम्मी भांडणं याच गोष्टीवरून होतात आणि भांडणाऱ्याला पत्ता नसतो की आपण २ डीबीवरून भांडतोय.

आधी हे का होतं ते सांगतो. कान सगळ्या स्वरांना एकाच मापाने मोजत नाही. हळू आवाजात खर्जाकडचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं, मधलं जास्त. आवाज वाढवला की खालचं आणि वरचं भराभर पुढे येतं. बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले, आज तेच काम सुधारून आयएसओ २२६ या मानकात आहे. म्हणजे मिक्सला हातही न लावता नुसता फेडर वर केला तरी बेस भरल्यासारखा वाटतो आणि टाळ चमकतात. बुवांना जे 'भरीव' वाटलं त्यातलं बरंचसं हे आहे.

खरी मेख पुढेच आहे. ५ डीबीचा फरक असेल तर कोणीही म्हणेल, "हे मोठ्याने वाजतंय." अर्धा-एक डीबी असेल तर तसं कोणी म्हणत नाही. तेव्हा शब्द येतात ते "साफ आहे", "जवळ आलंय", "जीव आहे यात". छोटा फरक जास्त फसवतो. म्हणून ताडून पाहताना माझी मर्यादा ०.२ डीबी आहे. हे जास्तच कडक आहे असं कोणी म्हटलं तर वाद घालणार नाही, पण ०.५ ला मी थांबत नाही.

पीक बघून जुळवणं सोडून द्या. पखवाजाच्या थापेचं टोक मीटरवर -१ ला भिडतं आणि एका क्षणात संपतं. कानाला लाउडनेस लागतो तो त्या टोकाचा नाही, मागे भरून राहिलेल्या आवाजाचा. लिमिटर ती टोकं कापतो आणि बाकी सगळं वर उचलतो. दोन्ही फायली पीकला सारख्या केल्या तर लिमिटरवाली दर वेळी जिंकणार. आरएमएस त्यापेक्षा बरा. लफ्स त्याहून बरा, कारण त्यात कानाच्या स्वभावाचा थोडा विचार केलाय.

आणि एक: जुळवायचं ते नेहमी मोठ्याला खाली आणून. लहानाला वर नेलं तर क्लिप व्हायचा, म्हणजे टोकं कापली जाऊन आवाज फाटायचा, धोका. फेडर लिमिटरच्या नंतरचा हवा. आधी गेन कमी केला तर लिमिटर कमी दाबणार, म्हणजे मिक्सच बदललं.

कानसेन

फेडरवाले, सगळं मान्य, पण आकड्यांच्या फार नादी लागू नये असं माझं मत. रेडिओ आणि रेकॉर्डी ऐकण्यात जन्म गेला, आम्ही नॉब कानाने लावायचो आणि दोन रेकॉर्डींतला फरक कळायचा. मीटरला गाणं कळत नाही.

फेडरवाला

काका, मीटरला गाणं कळत नाही हे खरं, पण त्याला आवडनिवडही नसते. कानाने जुळवताना माणूस नकळत आपल्या लाडक्या मिक्सला अर्धा डीबी जास्त देतो. नवं मिक्स स्वतः रात्रभर बसून केलेलं असेल तर विचारूच नका. मी आधी मीटरने जवळ आणतो, मग डोळे मिटून कानाने तपासतो.

साउंडवाला_कोल्हापूर

लाइव्हमध्ये हेच, फक्त घाई जास्त. प्लगइनचं बायपास बटण दाबून "बघा काय फरक पडला" असं दाखवणारे खूप भेटतात. फरक पडणारच की, कॉम्प्रेसरचा (मोठे आवाज दाबणारं यंत्र) मेकअप गेन, म्हणजे दाबल्यावर परत वाढवलेला आवाज, ३ डीबी वर आहे! लॉजिक या सॉफ्टवेअरच्या कॉम्प्रेसरला ऑटो गेन आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी असंच काहीतरी असतं. ते बंद करा, आउटपुटचा नॉब हाताने असा लावा की बायपास चालू-बंद केल्यावर आवाज हलणार नाही. मग कळतं की कॉम्प्रेसर खरंच काही करतोय की नुसता आवाज वाढवतोय. माझ्या रॅकमधून काही लाडकी यंत्रं अशीच बाहेर गेली.

ईक्यूचंही (ठरावीक पट्टीतला आवाज कमी-जास्त करणारं) तेच. ३ किलोहर्ट्झला ४ डीबी वाढवलं की आवाज 'उघडतो'. तो उघडला की नुसता मोठा झाला, हे आउटपुट तेवढा खाली घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

वाचनमात्र

मला दोन्ही सारखंच ऐकू येतं. पण धागा मस्त चाललाय, वाचतोय. पुढील लेखनाला शुभेच्छा.

ओलीमाती

मी न्यू जर्सीत टीव्हीच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये आहे, रोजचं काम याच आकड्यांशी, म्हणून थोडी भर घालते.

लफ्सचा हिशेब आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१७७० या शिफारशीतून आला, पहिली आवृत्ती २००६ ची. त्यात आवाज मोजण्याआधी दोन फिल्टर लागतात. एक खालचं कापतो, दुसरा साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचं ४ डीबीच्या आसपास उचलतो. याला के-वेटिंग म्हणतात. युरोपात ईबीयू या प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये आर १२८ हा नियम आणला, लक्ष्य -२३. अमेरिकेत त्याच वर्षी 'CALM' (उच्चार 'काम') हा जाहिरातींच्या आवाजाचा कायदा आला, कारण मालिका हळू आणि जाहिरात किंचाळणारी याला लोक वैतागले होते. इथे लक्ष्य -२४ आहे.

आता ताईंच्या अभंगाकडे. पखवाजाची डावी बाजू, कणीक लावलेली, तिचा घुमारा बराच खाली असतो. मीटर त्याला कमी गुण देतो. टाळ वरच्या पट्टीत वाजतात, त्यांना मीटर जास्त गुण देतो. तिसऱ्या मिक्समध्ये टाळ वाढले असतील तर काही अंशी त्यामुळेही आकडा चढलाय. उलट एखाद्या मिक्समध्ये घुमारा वाढवला तर कानाला भरलेलं वाटेल पण आकडा फारसा हलणार नाही. म्हणजे लफ्स सारखे झाले तरी लाउडनेस सारखा 'वाटेलच' असं नाही. कानसेनकाकांचं म्हणणं इथे लागू पडतं.

दुसरी गोष्ट आलापाची. २०११ च्या सुधारणेत गेट आला. मीटर ४०० मिलिसेकंदांचे तुकडे मोजतो. -७० च्या खालचे सोडून देतो, उरलेल्यांची सरासरी काढतो आणि त्या सरासरीच्या १० एककं खाली असलेले तुकडेही हिशेबातून काढतो. तुमचा आलाप -३० च्या आसपास आणि गजर -१५ ला असेल तर आलाप इंटिग्रेटेड, म्हणजे अख्ख्या गाण्याच्या, आकड्यात बहुतेक धरलाच जाणार नाही.

षड्जपंचम

ओलीमाती, आत्ता बघितलं, आलाप -३१ च्या जवळपास आहे. म्हणजे इंटिग्रेटेड जुळवून आलापाबद्दल काहीच जुळलं नाही?

फेडरवाला

जुळलं नाही, उलट बिघडलं. हिशेब करून बघा. तिसऱ्यात लिमिटरने सगळं किती उचललंय?

षड्जपंचम

४ डीबी.

फेडरवाला

आलापात दाबायला काही नाही, तो पूर्ण ४ डीबी वर गेला. गजरात लिमिटर टोकं आणि भराव दाबतो, म्हणून अख्ख्या गाण्याचा आकडा २.३ नेच वाढला. आता तुम्ही २.३ खाली घेतलंत. गजर जुळला, पण आलाप अजूनही दुसऱ्या मिक्सपेक्षा १.७ डीबी मोठा आहे. आणि गाणं सुरू होतं आलापाने! ऐकणाऱ्याचं पहिल्या दहा सेकंदांतच ठरतं की तिसऱ्यात बुवा 'जवळ' आलेत.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अख्खं गाणं नको. आलापातल्या १०-१५ सेकंदांचा लूप लावा, त्या लूपचाच आकडा काढा, तेवढ्यासाठी जुळवा आणि ऐका. मग अभंगातला तुकडा वेगळा जुळवा, मग गजर. तीन ठिकाणी तीन वेगळे ट्रिम, म्हणजे आवाजातले छोटे फेरफार, येतील. येऊ देत, हे ट्रिम फक्त ऐकण्यासाठी आहेत, फायनल फाइलमध्ये जाणार नाहीत.

रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिन्ही बाउन्स (मिक्सच्या तयार फायली) तीन ट्रॅकवर एकाखाली एक ठेवा, सुरुवात बरोबर जुळवा, सगळ्यांवर मास्टरचे प्लगइन बंद आणि एका वेळी एकच सोलो. लूपएवढा तुकडा कापून आयटेम नॉर्मलाइझमध्ये लफ्सचा पर्याय घेतला की आकडा आपोआप लागतो. युलीनचा फुकट मीटरही चालतो, फक्त प्रत्येक वेळी रिसेट करून मोजा. आधीच्या फाइलचा हिशेब आत राहिला तर काय मोजलं ते देवालाच माहीत. एमपी३ फायली ताडायला घेऊ नका. एन्कोडर सुरुवातीला थोडी रिकामी जागा घालतो, मग सोलो बदलताना ताल उडी मारतो आणि तुम्ही मिक्सऐवजी ती उडी ऐकत बसता. वेव्ह घ्या.

बदल झटकन व्हायला हवा. आवाजाचा पोत कानात काही सेकंदच टिकतो. एक गाणं पूर्ण ऐकून, चहा करून, मग दुसरं ऐकलं तर ताडून पाहिलं असं म्हणू नये.

साउंडवाला_कोल्हापूर

इथे एक प्रश्न. समजा एका मिक्समध्ये पखवाज २ डीबी वर आहे, बाकी सगळं तेच. एकूण आकडा पाऊण डीबीने वाढला. जुळवायला मी अख्खं मिक्स पाऊण डीबी खाली घेतलं. आता बुवांचा आवाजही पाऊण डीबी खाली गेला, जो मिक्समध्ये कोणी हलवलाच नव्हता. आणि बसलेले लोक म्हणतात, "गाणं मागे गेलं." हे मिक्सचं झालं की जुळवणीचं?

फेडरवाला

भाऊ, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारलात. माझ्या मते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ऐकण्याआधी ठरवावं लागतं की आपण कुठला विचारतोय.

एकूण लाउडनेस जुळवलात तर तुम्ही विचारताय, "लोकांपर्यंत पोचेल तेव्हा यातलं कुठलं बरं वाटेल?" कारण स्ट्रीमिंगवालेही एकूणच जुळवतात. तिथे पखवाज वाढला की बाकी सगळं खरंच मागे जाणार, ती किंमत मोजावीच लागते. "गाणं मागे गेलं" ही तक्रार तिथे खरी आहे.

बुवांचा आवाज जुळवलात, म्हणजे दोन्हीकडे गळा अगदी त्याच जागी ठेवलात, तर तुम्ही विचारताय, "या गळ्यामागे पखवाज किती हवा?" मिक्स करताना मला हाच प्रश्न जास्त कामाचा वाटतो. यासाठी मीटर फारसा मदत करत नाही. जिथे गळा एकटा किंवा फक्त पेटीबरोबर आहे असा तुकडा शोधा, तिथे दोन्ही जुळवा आणि त्याच ट्रिमवर पुढचा पखवाजाचा भाग ऐका.

मी आधी गळा जुळवून ऐकतो, शेवटी एकूण जुळवून. दोन्हीत तेच मिक्स जिंकलं तर झोप चांगली लागते.

कानसेन

हे पटलं. आम्ही नॉब कानाने लावायचो तेव्हा गायकाच्या गळ्यावरच लावायचो, आता लक्षात येतंय.

आता माझा प्रश्न. माझ्याकडे जुन्या नाट्यसंगीताच्या मोनो रेकॉर्डवरून मुलाने करून दिलेल्या फायली आहेत, आणि त्याच पदांची नंतर निघालेली 'सुधारित' सीडी आहे. सीडी नेहमी जास्त खुललेली वाटते. तीही मोठ्याने वाजते म्हणूनच का? मुलाने मीटर लावून सारखं करून दिलं, तर आता उलट रेकॉर्डच मोठी वाजते.

ओलीमाती

काका, रेकॉर्डवरची फाइल एका चॅनलची मोनो आहे का? असेल तर त्याचं कारण सरळ आहे. बीएस.१७७० मध्ये डाव्या-उजव्या चॅनलची ऊर्जा बेरीज करून मोजतात. एकाच चॅनलची फाइल मोजली तर एकच बाजू हिशेबात येते. पण तुमच्या घरी ती दोन्ही स्पीकरमधून वाजते. म्हणून तोच आवाज दोन चॅनलमध्ये असता तर जो आकडा आला असता त्यापेक्षा मीटर ३ डीबी कमी दाखवतो. मुलाने तो आकडा सीडीशी जुळवायला फाइल ३ डीबी जास्त वर नेली. काही मीटरांत 'ड्युअल मोनो' असा पर्याय असतो, तो लावायला सांगा. किंवा फाइल आधी दोन चॅनलची करून मग मोजा.

एवढं केल्यावर सीडी खुललेली वाटली तर ती खरंच खुललेली आहे. रेकॉर्डची खरखर काढताना वरचं थोडं नेलंय का, तेही तेव्हाच कळेल.

फूबार२००० या प्लेअरमध्ये रीप्लेगेन (फायलींचा आवाज आपोआप सारखा करणारी सोय) वापरलंत तर रोजच्या ऐकण्याला पुरेसं जुळतं. त्याला एबीएक्स तुलनेचं जोड-प्लगइनही मिळतं. अ कुठला, ब कुठला ते माहीत असतं, क्ष काय आहे ते ओळखायचं. १६ पैकी १२ वेळा बरोबर आलं तर नुसत्या नशिबाने तेवढं येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. १० पैकी ७ वर मात्र कोणी मिरवू नये, तेवढं नाणं उडवूनही बऱ्याचदा येतं.

वाचनमात्र

एक शंका. स्पॉटिफाय, यूट्यूब सगळं सारखं करूनच वाजवतात ना? मग लिमिटर लावून मोठं करण्याचा उपयोग काय?

ओलीमाती

स्पॉटिफायवर नेहमीच्या सेटिंगला -१४. यूट्यूबही साधारण -१४ धरतो, पण तिथे मोठं खाली येतं, लहान वर नेत नाहीत. ॲपल म्युझिक साउंड चेक चालू असेल तर -१६. म्हणजे -८ ला कापूनकुटून केलेलं गाणं तिथे ६-८ डीबी खाली येतं, कापलेली टोकं मात्र परत येत नाहीत. २००८ मध्ये मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वरून हाच गदारोळ झाला होता. त्यातली गाणी गिटार हीरो या खेळातही होती आणि तिथे ती कमी दाबलेली होती. लोकांनी दोन्ही एका पातळीवर आणून ऐकलं आणि सीडीवरच्या ड्रमचं काय झालंय ते उघड्यावर आलं.

पण सेटिंग बंद करून ऐकणारेही आहेत, गाडीत पेन ड्राइव्ह लावणारेही आहेत. त्यामुळे अगदी -२० ला ठेवून द्या असं मी म्हणणार नाही.

साउंडवाला_कोल्हापूर

अवांतर: ऐकायची पातळीही ठरवून ठेवा. मास्टरिंग इंजिनिअर बॉब कॅट्झ ८३ डीबीवर स्पीकर लावायला सांगतात, ते मोठ्या खोलीसाठी ठीक. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्यावर तासभर बसलं तर शेजारी येतात आणि कानही थकतात. मी ७४-७५ ला ठेवतो. इंटरफेसच्या नॉबवर मार्करने रेघ मारली आहे, ताडून पाहताना नॉब रेघेवरच. मोबाइलमधले मीटर अगदी अचूक नसतात, पण रोज त्याच जागी आणायला चालतात.

फेडरवाला

+१. कान थकले की टाळ कमी वाटायला लागतात, मग माणूस टाळ वाढवतो, मग पुढच्या दिवशी सकाळी आपलंच मिक्स कानाला टोचतं.

षड्जपंचम, तुमचा तिसरा प्रश्न राहिला. बुवांना पाठवताना:

तिन्ही मिक्स नव्हे, फार तर दोन. तिसऱ्याने गोंधळच होतो. गळ्यावर जुळवून वेव्ह बाउन्स करा आणि नावात 'नवं', 'फायनल', '३' असलं काही नको. एकाला 'पळस', एकाला 'पिंपळ' म्हणा. 'फायनल' लिहिलेलं मिक्स ऐकण्याआधीच चार गुण घेऊन येतं. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. त्यांच्या फोनवर डॉल्बी किंवा तसलं काही चालू असेल तर बंद करायला सांगा, ती सोय स्वतःच आवाज वरखाली करते. आणि जमलं तर एकदा हेडफोनवर. फोनच्या स्पीकरला पखवाजाची डावी बाजू वाजवताच येत नाही, त्यावर बुवांचं मत घेऊन तुम्हाला फक्त टाळांबद्दल कळेल.

"कुठलं आवडलं" एवढंच विचारू नका. "झील धरणाऱ्यांचे शब्द कुठल्यात कळतात", "थाप कुठल्यात लागते" असं विचारा. "भरीव" या उत्तराने आपल्याला काहीच करता येत नाही.

षड्जपंचम

सगळ्यांचे आभार. गळा जुळवून पळस-पिंपळ पाठवले, पळस म्हणजे दुसरं मिक्स. बुवांनी हेडफोनवर ऐकलं. आलाप आणि अभंग पळसमधला हवा, पण गजर मात्र पिंपळमधलाच, तिथे "मंडळ उभं राहिल्यासारखं वाटतं" म्हणाले. मीही तुकडे वेगवेगळे जुळवून ऐकलं. गजरात लिमिटरने झीलकरी एकत्र बांधले जातात, तेवढं मला सुद्धा आवडतंय. आता काय, दोन मिक्स जोडू?

फेडरवाला

जोडू नका, सांधा ऐकू येईल. दुसरंच मिक्स घ्या, मास्टरवर लिमिटर ठेवू नका. झीलकऱ्यांचा एक बस (सगळ्यांचा मिळून एकच ट्रॅक) करा आणि त्यावर हलका कॉम्प्रेसर, फक्त गजरापुरता, ऑटोमेशनने. पखवाज त्या बसमध्ये घेऊ नका, थाप मोकळी राहू दे. कॉम्प्रेसरचा आउटपुट बायपासशी जुळवून घ्या, वर भाऊंनी सांगितलंय तसा.

साउंडवाला_कोल्हापूर

आणि टाळ? गजरात टाळ आणि झील एकाच मंडळींच्या हातात-तोंडात. रेकॉर्डिंगला वेगळे माइक होते का?

षड्जपंचम

टाळांना वेगळा माइक होता, पण झीलच्या माइकमध्येही भरपूर आलेत.

साउंडवाला_कोल्हापूर

मग कॉम्प्रेसर लावला की गळे दबतील आणि मधल्या फटींत टाळ वर येतील. रिलीज (कॉम्प्रेसर दाब सोडायला घेतो तो वेळ) जरा लांब ठेवा, आणि टाळांचा वेगळा माइक गजरात १-२ डीबी खाली घ्या. मग अभंगाच्या तुकड्यावर गळा जुळवून परत ऐका.